एकाच मातेची दोन बालके : मातृशिक्षण आणि भावंडांमधील पोषणवैषम्य

कृश बालक समोर आले की कौमारभृत्य जाणणारा वैद्य त्याच्या अग्नीचा, कोष्ठाचा, कृमींचा, पूर्वव्याधींचा आणि मातेच्या स्तन्याचा क्रमाने विचार करतो. हा क्रम शास्त्रशुद्ध आहे व त्यात न्यून काढण्याचा आमचा हेतू नाही. परंतु एकाच मातेच्या उदरी जन्मलेली, एकाच चुलीवर शिजलेले अन्न खाणारी दोन बालके भिन्न गतीने वाढत असतील, तर केवळ कृश बालकाच्या परीक्षेने निदान पूर्ण होते काय? प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे, आणि तो आम्हांस ग्रंथांतून सुचला नाही. आमच्याच एका चुकीतून सुचला. ती चूक प्रथम सांगतो.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी आम्ही सुमारे वीस वर्षे चिकित्सा करीत आहोत. दर पुष्य नक्षत्रास आमच्याकडे सुवर्णप्राशनास बालके येतात. त्यांत एक सहा वर्षांचा मुलगा आजीचे बोट धरून दोन वर्षे नियमाने येत असे. उंची ११३ सेंटिमीटर, वजन १९ किलो, प्रकृती उत्तम. एके दिवशी तीच आजी एका लहान मुलीस कडेवर घेऊन आली. मुलगी साडेतीन वर्षांची, उंची ८८ सेंटिमीटर, वजन १०.६ किलो, केस विरळ, नेत्र निस्तेज. ती त्या मुलाची सख्खी बहीण होती. दोन वर्षे आम्ही भावास सुवर्णप्राशन देत होतो आणि त्यास बहीण आहे, एवढेही आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही विचारलेच नव्हते.

आजीने सांगितले, "तिला भूकच न्हाई डॉक्टर. चिमणीवानी खाती." आम्ही अग्निमांद्य असे निदान केले, दीपन-पाचन दिले, कृमिघ्न दिले, पुढे बृंहण चिकित्सा योजली. दोन महिन्यांत वजन २०० ग्रॅमने वाढले. औषध चुकले नव्हते. प्रश्न चुकला होता. तिसऱ्या वेळी योगायोगाने आजीऐवजी मुलीची आई आली. ती दहावी उत्तीर्ण होती, मुलीच्या अंगणवाडीच्या कार्डावरील वाढीची रेषा तिला वाचता येत होती आणि ती रेषा खाली चालली आहे हेही तिला कळले होते. मग घरी लक्ष का दिले नाही, असे आम्ही काहीशा कठोरपणेच विचारले. तिने खाली पाहून उत्तर दिले, "वाढायचं आई वाढतात, डॉक्टर. मी भाकरी करते." या एका वाक्यात सबंध विषय सामावलेला आहे.

सर्वग्रह आणि परिग्रह

चरकाचार्यांनी विमानस्थानात आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत. त्यांपैकी राशी या आयतनाचे दोन प्रकार, सर्वग्रह आणि परिग्रह, आपणा सर्वांस ज्ञात आहेत. समग्र आहाराचे एकत्रित प्रमाण तो सर्वग्रह आणि त्यातील एकेका द्रव्याचे पृथक् प्रमाण तो परिग्रह. आचार्यांनी ही मांडणी एका व्यक्तीच्या आहाराविषयी केली आहे. आमच्या मते ती कुटुंबालाही लावून पाहावी. घरात धान्य किती आले, दूध किती आले, हा झाला घराचा सर्वग्रह. त्यातून कोणाच्या ताटात काय व किती पडले, हा परिग्रह. शासनाच्या योजना, शिधापत्रिका, घरातील उत्पन्नाची चौकशी, हे सारे सर्वग्रहाचे मापन करते. बालक मात्र परिग्रहावर जगते.

आकडेवारीचाही हाच दोष आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. महाराष्ट्राचा आकडा ३५.२ टक्के होता. त्याच सर्वेक्षणात, ज्यांच्या माता शाळेत गेल्याच नाहीत अशा बालकांत खुजेपणाचे प्रमाण ४६ टक्के, तर बारा किंवा अधिक वर्षे शिकलेल्या मातांच्या बालकांत २६ टक्के होते. भेद ठळक आहे. मात्र यातील सर्व श्रेय शिक्षणाला देणे घाईचे होईल, कारण शिकलेली मुलगी बहुधा शिकलेल्या व सधन घरी दिली जाते, तिचे माहेरही बरे असते, तिची स्वतःची उंचीही चांगली असते. शिवाय हे आकडे एका घराची दुसऱ्या घराशी तुलना करतात. एकाच घरातील दोन भावंडांमध्ये काय घडते, ते अशा सरासरीत दिसत नाही.

येथे एक शंका वाचक वैद्यांच्या मनात येईल आणि ती रास्त आहे. दोन सख्ख्या भावंडांची माता एकच. तिचे शिक्षणही एकच. मग जे कारण दोघांस समान आहे, ते दोघांमधील भेदाचे कारण कसे होईल? उत्तर असे की, मातेचे शिक्षण स्वतः भेद उत्पन्न करीत नाही. भेद उत्पन्न करणारी कारणे वेगळी आहेत. जन्मक्रम, लिंग, दोन प्रसूतींमधील अंतर, घरातील टंचाईचा काळ ही ती कारणे होत. शिक्षण त्या कारणांचे बल वाढविते किंवा घटविते. एकाच बीजाला भिन्न ऋतू लाभावा, तसे हे आहे.

मातेच्या कुशीतून उतरलेले मूल

अशा कारणांपैकी सर्वांत जुने, आणि आपल्या शास्त्रास सर्वांत परिचित, ते म्हणजे पुढील गर्भधारणा. काश्यपसंहितेत फक्करोगाचे क्षीरज, गर्भज व व्याधिज असे तीन प्रकार वर्णिले आहेत. वर्षाचे होऊनही जे बालक पायांनी चालत नाही त्यास फक्क म्हटले आहे, आणि चिकित्सेत त्यास चालावयास शिकविण्यासाठी तीन चाकांचा फक्करथही सांगितला आहे. यांपैकी गर्भज फक्क पुन्हा वाचावा. माता पुन्हा गर्भिणी झाली, स्तन्य लवकर आटले आणि त्यामुळे अंगावरचे बालक क्षीण होत गेले, असे त्याचे वर्णन आहे. माधवनिदानातील पारिगर्भिक हाही गर्भिणी मातेचे स्तन्य पिणाऱ्या बालकाचा विकार. कास, अग्निसाद, वमन, तंद्रा, कार्श्य, अरुची, भ्रम आणि उदराची वृद्धी ही लक्षणे, आणि अग्निदीपन ही चिकित्सा.

म्हणजे आपल्या आचार्यांनी एका बालकाच्या व्याधीचा हेतू त्याच्या न जन्मलेल्या भावंडात पाहिला होता. १९३३ साली सिसिली विल्यम्स या महिला डॉक्टरने तत्कालीन गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामध्ये, सुजलेल्या कुपोषित बालकांचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि दोन वर्षांनी त्या विकारासाठी तेथील गा भाषेतील क्वाशिओरकोर हा शब्द वापरला. पुढचे मूल जन्मल्यावर मागच्याला होणारा आजार, असा त्या शब्दाचा आशय सांगितला जातो. दोन खंडांतील निरीक्षणांचे हे साम्य पाहून आम्हांस दर वेळी आश्चर्य वाटते. आपल्या खेड्यांत अशा मुलाला मुडदूस झाला म्हणतात आणि अंगारा लावतात. माता पुन्हा गर्भवती आहे काय, हे मात्र कोणी विचारीत नाही.

मातृशिक्षणाचा पहिला व बहुधा सर्वांत मोठा परिणाम येथे घडतो. शिकलेल्या मुलीचा विवाह उशिरा होतो, अपत्ये कमी होतात आणि दोन अपत्यांमधील अंतर वाढते. अंगावरच्या बालकास त्याचा काळ पुरा मिळतो. महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झाला त्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २६.३ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २१.९ टक्के झाले. घट झाली, पण आमच्या भागात अठराव्या वर्षी पहिले आणि विसाव्या वर्षी दुसरे मूल ही गोष्ट आजही नवलाची नाही.

उपस्थात्याचे गुण

शिक्षण मातेला नेमके काय देते, याचा शोध अनेकांनी घेतला आहे. ऑस्ट्रेलियातील लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी १९७९ साली नायजेरियातील माहितीवरून असे दाखविले की, शिकलेल्या मातांची मुले अधिक जगतात आणि याचे कारण केवळ सुस्थिती नाही. शिक्षणामुळे घरातील अधिकाराचा तोल बदलतो. सून आजारी मुलाविषयी स्वतः निर्णय घेऊ लागते. ब्राझीलमधील १९९१ च्या एका अभ्यासात मात्र मातृशिक्षणाचा मुलांच्या उंचीवरील परिणाम जवळपास सर्वस्वी माहिती मिळविण्यातून, म्हणजे वृत्तपत्र, रेडिओ, दूरचित्रवाणी यांच्या उपयोगातून, स्पष्ट झाला. मोरोक्कोतील १९९९ च्या अभ्यासाने सांगितले की आरोग्याचे ज्ञान शाळेच्या वर्गात मिळतच नाही. शाळेत अक्षर व अंक येतात आणि त्यांच्या बळावर स्त्री ते ज्ञान पुढे बाहेरून मिळविते.

चिकित्सेच्या चतुष्पादांतील उपस्थात्याचे गुण आठवा : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. बालकाची पहिली उपस्थाता माता. तिच्या ठायी अनुराग शाळेमुळे येत नाही. निरक्षर मातेच्या मायेत काडीचे न्यून नसते, हे आमच्यासारख्या खेड्यातील वैद्याने वेगळे सांगावयास नको. शाळा उपचारज्ञतेत भर घालते. कॉल्डवेल यांचे म्हणणे मानले तर आणखी एक गोष्ट देते, जी चतुष्पादांत स्वतंत्र सांगितलेली नाही, ती म्हणजे आपले म्हणणे घरात चालविण्याचे सामर्थ्य. आमच्या रुग्ण बालिकेच्या मातेपाशी पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती.

उपचारज्ञतेचे एक साधे उदाहरण देतो. सहा महिन्यांच्या बाळाला वरणाचे पाणी द्यावे, ही समजूत आमच्याकडे सर्व जातींत व थरांत दृढ आहे. वरण शिजले की वरचे पाणी बाळास आणि खालचे घट्ट वरण मोठ्यांस. मंड, पेया, विलेपी आणि ओदन हा क्रम ज्याने अभ्यासला आहे त्याला यातील दोष त्वरित कळेल. मंड हा लघु व दीपन खरा, पण त्यावर बृंहण होत नाही. षण्मासानंतर सुश्रुताचार्यांनी लघु व हितकर अन्न सांगितले, ते अन्न आहे, अन्नाचे धुवण नव्हे. शिवाय लहान मुलाचे आमाशय लहान, आणि वाढीमुळे शरीराच्या प्रत्येक किलोमागे त्याची गरज प्रौढापेक्षा कितीतरी अधिक. म्हणून थोडे, दाट, सस्नेह आणि वारंवार हाच मार्ग उरतो. जागतिक आरोग्य संघटनाही सहा ते आठ महिन्यांच्या बालकास दिवसातून दोन-तीनदा आणि पुढे दोन वर्षांपर्यंत तीन-चारदा पूरक आहार सांगते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातील सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांपैकी सुमारे ११ टक्क्यांनाच पुरेसा आहार मिळत होता.

आता हीच गोष्ट भावंडांच्या दृष्टीने पाहू. तीन मुलांना एका परातीत कालवून दिले, तर वरकरणी यापरते समत्व नाही. परंतु सात वर्षांचा मुलगा घास चटकन गिळतो, दोन वर्षांची मुलगी पहिला घास चघळीत बसते आणि परात रिकामी होते. माता म्हणते, सर्वांना सारखेच दिले. आणि ती खोटे बोलत नाही. धाकट्याची वाटी वेगळी असावी, त्याने किती खाल्ले हे त्या वाटीवरून मोजावे, ही गोष्ट आम्ही शिकलेल्या मातांच्या घरी अधिक पाहिली. ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात त्यांनी वाचलेली नसते. मोजण्याची सवय मात्र शाळेने लावलेली असते.

जन्मक्रमाचा उतार

अमेरिकेत काम करणाऱ्या सीमा जयचंद्रन व रोहिणी पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ साली एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. भारतातील मुले, भारताहून दरिद्री अशा आफ्रिकी देशांतील मुलांपेक्षा खुजी का, हा त्यांचा प्रश्न. उत्तर असे निघाले की भारतातील पहिली मुले तितकी मागे नाहीतच. पहिला मुलगा तर पुढेच आहे. घसरण दुसऱ्या अपत्यापासून सुरू होते व पुढे वाढत जाते, आणि हा उतार आफ्रिकेपेक्षा भारतात तीव्र आहे. ज्येष्ठ पुत्रास मिळणारे प्राधान्य हे त्यांनी याचे मुख्य कारण मानले. पुढे काही अभ्यासकांनी असा आक्षेप घेतला की, तिसरे-चौथे अपत्य म्हणून नोंदलेली मुले बहुधा मोठ्या व दरिद्री कुटुंबांतीलच असतात, त्यामुळे जन्मक्रमाचा परिणाम आहे त्याहून मोठा दिसतो. आक्षेपात तथ्य आहे. तथापि उतार किती तीव्र यावर वाद असला, तरी मुलगा आणि मुलगी यांना तो सारखा लागत नाही, याविषयी आमच्या मनात संदेह नाही.

१९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय सर्वेक्षणावर आधारलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रामीण भारताविषयी असे आढळले की, दोन किंवा अधिक बहिणींच्या पाठीवर जन्मलेल्या मुलीचे पोषण व लसीकरण मागे राहते. दोन किंवा अधिक भावांच्या पाठीवर आलेल्या मुलाचेही काहीसे तसेच होते. आणि बहिणींनंतर जन्मलेल्या मुलाची स्थिती सर्वांत चांगली असते. म्हणजे पक्षपात सर्व मुलींविरुद्ध सरसकट नाही. घराला जे मूल नकोसे होते, त्याच्याविरुद्ध तो आहे. आमच्याकडे नकोशा मुलीचे नावच नकुशी ठेवण्याची रीत होती. सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली.

येथपर्यंत वाचून कोणासही वाटेल की माता शिकली म्हणजे हा उतार आपोआप सपाट होईल. आम्हांसही दीर्घकाळ तसेच वाटे. मोनिका दासगुप्ता यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेला पंजाबच्या ग्रामीण भागातील अभ्यास वाचल्यावर ती समजूत ढळली. शिकलेल्या मातांच्या घरी बालमृत्यू एकंदरीत कमी झाले होते. परंतु दुसऱ्या व त्यापुढील मुलींविरुद्धचा भेद अशा घरी उलट अधिक तीव्र होता. याचे कारण विचारांती असे दिसते. शिकलेल्या जोडप्याला अपत्ये थोडी हवी असतात, पण मुलगा हवाच असतो. अपत्यांची संख्या घटली आणि मुलाची अपेक्षा घटली नाही, की दुसऱ्या मुलीची जागा अधिकच संकुचित होते. आणि ज्ञान हे शस्त्राप्रमाणे आहे. ज्याच्या हाती असेल त्याच्या हेतूप्रमाणे चालते. औषध वेळेवर कसे द्यावे हे ज्यास कळते, त्यास कोणास आधी द्यावे हेही ठरविता येते.

महाराष्ट्राने याचा अनुभव घेतला आहे. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली याच राज्याने केला, आणि तरीही शून्य ते सहा वयोगटातील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेतील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली. त्याच काळात स्त्रियांची साक्षरता वाढत होती. म्हणून मातृशिक्षणाविषयी बोलताना किती इयत्ता, एवढेच विचारून भागणार नाही. डंकन थॉमस यांच्या १९९४ च्या अभ्यासात अमेरिका, ब्राझील व घाना या तिन्ही देशांत मातेच्या शिक्षणाचा लाभ मुलीच्या उंचीस अधिक आणि पित्याच्या शिक्षणाचा लाभ मुलाच्या उंचीस अधिक असल्याचे दिसले. मातेस मुलीचे बळ वाढविण्याची इच्छा असते, असा याचा अर्थ घेता येईल. पण ती इच्छा पार पाडण्यास घरात वाव मिळणे ही स्वतंत्र गोष्ट होय.

वाढणारा हात

एकत्र कुटुंबात हा वाव कोणास किती, हे सुनेच्या क्रमावर ठरते. ग्रामीण भारतातील एकत्र कुटुंबांचा अभ्यास करून डायेन कॉफी, रीतिका खेडा व डीन स्पीअर्स यांनी २०२२ साली दाखविले की, एकाच छपराखाली राहणाऱ्या चुलत भावंडांत धाकट्या सुनेची मुले थोरल्या सुनेच्या मुलांपेक्षा उंचीने कमी भरतात. धान्य तेच, पाणी तेच, शौचालय तेच. भेद केवळ मातेच्या स्थानाचा. आमच्या रुग्ण बालिकेच्या घरीही हेच होते. भाकरी सून करी, पण भांडे सासूपुढे असे. नातवाच्या वरणावर तूप पडे, नातीला उरलेसुरले मिळे, आणि हे सर्व कोणत्याही दुष्टाव्याविना, चाळीस वर्षांच्या सवयीने होई. आजी नातीवर माया करीत नव्हती असे कोणी समजू नये. ती स्वतःच तशी वाढली होती.

टंचाईच्या काळात हा भेद उघडा पडतो. हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेने १९७५ पासून ज्या गावांचा दीर्घ अभ्यास केला त्यांत सोलापूर व अकोला जिल्ह्यांतील गावेही होती. त्या माहितीवरून जेरे बेहरमन यांनी १९८८ साली मांडले की, सुगीच्या दिवसांत आईबाप मुलांमध्ये बरेचसे समत्व राखतात, पण धान्य संपत आलेल्या दिवसांत कल थोरल्यांकडे व मुलग्यांकडे झुकतो. आमच्याकडील ऊसतोड कामगारांच्या मुलांत आम्ही हे दरवर्षी पाहतो. दिवाळीनंतर कोयते कारखान्यांकडे जातात. अंगावरचे मूल बरोबर जाते, शाळेतला मुलगा आजीजवळ राहतो, आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळण्यास फडावर जाते. चैत्रात परत आल्यावर वजने घेतली, की सर्वांत अधिक घट बहुधा त्या सांभाळणाऱ्या मुलीत असते. तिची गणना रुग्णांत होत नाही, कारण ती पाच वर्षांवरील असल्याने अंगणवाडीच्या तक्त्याबाहेर असते.

चिकित्सालयात काय करावे

आम्ही केलेला पहिला बदल अगदी लहान आहे. बालकाच्या रुग्णपत्रिकेवर आता भावंडांची ओळ असते : प्रत्येकाचे वय, लिंग, उंची, वजन, आणि मातेचे शिक्षण. भावंड सोबत नसेल तर पुढील वेळी आणावयास सांगतो. उंचीची तुलना करताना सेंटिमीटर समोरासमोर ठेवून उपयोग नाही, कारण वये भिन्न असतात. जागतिक वाढमापनाच्या तक्त्यावर प्रत्येकाचे स्थान पाहावे. एक मूल मध्यरेषेजवळ आणि दुसरे खालच्या दुसऱ्या रेषेखाली असेल, तर घराचा सर्वग्रह बहुधा पुरेसा आहे, परिग्रहात दोष आहे, असे समजून चौकशी सुरू करावी. दोन्ही खाली असतील तर प्रश्न अन्नाचा, उत्पन्नाचा, वारंवार होणाऱ्या अतिसाराचा असू शकतो आणि चिकित्सेची दिशा बदलते. राजयक्ष्मा, सहज हृद्रोग असे हेतू वगळल्यावाचून घरास दोष देऊ नये. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास बालकास विलंब न लावता शासकीय पोषण पुनर्वसन केंद्राकडे पाठवावे. तेथे चूर्ण-अवलेहाचे प्रयोग करीत बसू नये.

सुवर्णप्राशनाविषयीही एक सूचना. ज्या घरातून केवळ मुलगा येतो, त्या घरातील मुलीस आणल्याखेरीज आम्ही पुढील मात्रा देत नाही. काही सहव्यवसायींना हे अव्यावहारिक वाटले. दोन-तीन कुटुंबे आम्ही गमावलीही. पण अन्य पुष्कळ मुली प्रथमच तराजूवर चढल्या.

आहाराचा उपदेश कोणास करावा, हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. सुनेला एकटीला सांगितले तर ती घरी जाऊन काही करू शकत नाही, आणि सासूला डावलले असे झाले तर तेवढेही होत नाही. त्या बालिकेच्या बाबतीत आम्ही सासू-सून दोघींना एकत्र बोलाविले आणि आहार औषधपत्रावरच लिहिला. सकाळी घट्ट वरण-भात तुपासह एक वाटी, स्वतंत्र वाटीत. दुपारी शेंगदाणा-गुळाचा एक लाडू. चार वाजता दूध-भाकरी कुसकरून. रात्री पुन्हा वाटी, आणि चूर्ण ती वाटी संपल्यावरच. चूर्णाला फारसे महत्त्व नव्हते, वाटीला होते. प्रत्येक वाटीची खूण करण्यासाठी एक तक्ता दिला आणि आजीस सांगितले, "आजी, औषध तुम्हीच द्यायचं. पण हे लिहायचं काम सूनबाईंचं, तिला लिहिता येतं." आजीने मान हलविली. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधात सासूचा मान कमी होत नाही, आणि दहावीपर्यंतच्या शिक्षणाला त्या घरात प्रथमच काही काम मिळाले.

सहा महिन्यांत मुलीचे वजन १.५ किलोने वाढले, उंची ४ सेंटिमीटरने. दुसऱ्या वर्षाअखेरपर्यंत जी उंची गेली ती सर्व परत येत नाही, हे आम्ही त्या मातेस स्पष्ट सांगितले. तक्ते ती अजूनही आणते. गेल्या पुष्य नक्षत्रास तिच्या समवेत तिची धाकटी जाऊ होती, कडेवर चौदा महिन्यांचे मूल घेऊन. त्याच्यासाठी एक कोरा तक्ता हवा होता. तो देण्यापूर्वी आम्ही विचारले, आणखी मुले किती आहेत, आणि ती कोठे आहेत?